गर्भारपणाचे मधले महिने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भारपणाचे आठवडे गर्भ राहिल्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात आणि या गणनेनुसार साधारण १४ ते २७ हे आठवडे मधल्या तिमाहीचे ठरतात. मळमळ व उलट्या बहुधा ओसरलेल्या असतात, पोटाचे ओझे अजून जाणवत नसते आणि त्यामुळे ‘आता त्रास नाही, मग दवाखान्याची खेप कशाला’ असा विचार अनेक घरांत केला जातो. या काळातील सर्वांत घातक गैरसमज हाच होय, कारण ठरावीक आठवड्यांतच करावयाच्या काही तपासण्या नेमक्या याच महिन्यांत येतात.

त्यांपैकी पहिली म्हणजे बाळाच्या अवयवांची रचना पाहणारी सविस्तर सोनोग्राफी, जिला अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतात. ती १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास केली जाते, कारण तेव्हा जेमतेम ३०० ग्रॅम वजनाच्या त्या जिवाच्या हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडे आणि मांडीच्या हाडाची लांबी पडद्यावर एकेक करून पाहता व मोजता येते. सोनोग्राफीच्या ‘किरणांनी’ बाळाला इजा होते ही भीती निराधार आहे, कारण या यंत्रात क्ष-किरण नसतात, तर मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. मात्र अहवाल चांगला आला म्हणजे बाळ निर्दोष असल्याची हमी मिळाली, असेही मानू नये. हृदयाचे काही दोष आणि रचनेत न दिसणारे काही जनुकीय आजार या तपासणीतून निसटू शकतात. उलट गंभीर व्यंग आढळलेच, तर पुढील तपासण्या, तज्ज्ञांचा सल्ला आणि गर्भपाताबाबत कायद्याच्या मुदतीतील निर्णय यांसाठी वेळ हाती असावा लागतो, म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये आणि त्या दिवशी पतीनेही सोबत असावे.

ही सोनोग्राफी मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी नसते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला आणि १९९४ मध्ये देशपातळीवरील कायदा झाला. त्यानुसार लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, यावरून मुलगा की मुलगी हे सांगणे हा कौतुकाचा खेळ आहे. प्रत्यक्षात बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पित्याच्या शुक्राणूतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरलेले असते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, असे अजूनही सांगितले जाते. वस्तुतः वरचा ओठ पहिल्या तिमाहीतच सांधला जातो, त्यामुळे पाचव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी संबंध पोहोचतच नाही. ग्रहण सुटेपर्यंत तिला उपाशी व तहानलेले ठेवणे मात्र खरोखर अपायकारक आहे.

लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते, या समजुतीपायी सरकारी दवाखान्यातून आणलेली पाकिटे फडताळात पडून राहतात. त्वचेचा रंग आई-वडिलांच्या जनुकांवरून ठरतो, तो गोळीने काळवंडत नाही आणि केशराच्या दुधाने उजळतही नाही. काळी होते ती विष्ठा, तीही न शोषल्या गेलेल्या लोहामुळे. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी घ्यावयाची असते. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. ‘दोन जिवांचे’ म्हणून दुप्पट जेवण्याचीही गरज नसते. दिवसाला सुमारे ३५० जादा उष्मांक, म्हणजे जवळपास एक भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडे दूध पुरते. या काळातील दुसरी तपासणी म्हणजे रक्तातील साखरेची. ती साधारण २४ ते २८ आठवड्यांत होते आणि घरात कोणाला मधुमेह नसला तरी ती टाळू नये.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांत जाणवते, तर पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रीला त्याआधीही. वार गर्भाशयाच्या पुढील बाजूस असल्यास ती उशिरा कळते, म्हणून शेजारणीशी तुलना करून घाबरू नये. परंतु २४ आठवड्यांपर्यंत हालचाल मुळीच न जाणवल्यास डॉक्टरांना दाखवावे, आणि अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा जाणवू लागलेली हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे.