फ्लॅश उन्हात, पणत्यांपुढे मात्र जपून

फ्लॅश ‘ऑटो’वर ठेवला की तो अंधारात हटकून उडतो आणि भर उन्हात बहुधा गप्प राहतो. चांगल्या फोटोसाठी बऱ्याचदा याच्या नेमकं उलट करावं लागतं.

दुपारच्या लग्नात, मांडवाबाहेर फेटा बांधून उभा असलेला नवरदेव बघा. फेट्यावर ऊन लखलखतंय आणि डोळे मात्र सावलीत बुडालेत. एकूण उजेड भरपूर असल्यामुळे ऑटोला फ्लॅशची गरज वाटत नाही. अशा वेळी मेनूतलं नुसत्या विजेच्या बाणाचं चिन्ह निवडावं. हा फिल फ्लॅश. ऊन कितीही असो, तो उडणारच. सावलीतला चेहरा उजळतो, डोळ्यांत बारीकशी चमक येते. चेहरा फार पांढरा दिसला तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्यावं. फ्लॅशचा प्रकाश निम्म्यावर येतो.

हा प्रकाश फार दूर पोचत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. कॅमेऱ्यातच बसवलेल्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, १२ असेल, तर आयएसओ १०० आणि एफ/४ला त्याची मजल जेमतेम ३ मीटर. म्हणूनच नाट्यगृहात मागच्या रांगेतून फ्लॅश उडवला की पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात, आणि नटांना त्रास होतो तो वेगळाच. तिथे फ्लॅश बंद करून आयएसओ वाढवणं हेच योग्य.

अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. लेन्सजवळचा फ्लॅश डोळ्याच्या रक्ताळ पडद्यावरून सरळ परततो आणि डोळे लाल दिसतात. रेड-आय मोड आधी दिवा किंवा हलका फ्लॅश टाकून बाहुल्या आकसून घेतो. पण फोटो निघाला असं समजून माणसं तेवढ्यात हलतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावं.

मला सगळ्यात आवडतो तो स्लो सिंक. दिवाळीत साध्या फ्लॅशने चेहरा पांढराफटक येतो आणि मागचा आकाशकंदील काळोखात हरवतो, कारण शटर १/६० सेकंदाच्या आसपास मिटतं. स्लो सिंकमध्ये ते पाव-अर्धा सेकंद उघडं राहतं. फ्लॅश चेहरा टिपतो, उरलेल्या वेळात कंदील, पणत्या, रांगोळीचे रंग उमटतात. कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर कठड्यावर टेकवावा आणि फ्लॅश उडाल्यावरही समोरच्याला क्षणभर स्थिर राहायला सांगावं.

फुलबाजी घेऊन पळणाऱ्या पोराचा फोटो असेल, तर रिअर कर्टन सिंक शोधा. नेहमीच्या पद्धतीत फ्लॅश सुरुवातीलाच उडतो, मग उजेडाची रेघ पोराच्या पुढे उमटते आणि ते उलटं पळतंय असं वाटतं. रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शटर मिटायच्या जरा आधी उडतो, त्यामुळे रेघ मागे पडते. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ही सोय बहुधा नसते. एसएलआर किंवा मिररलेसच्या फ्लॅश मेनूत ती सापडेल.