अभियांत्रिकी शिक्षणाचे माध्यम : धोरण आणि परिभाषा

भाषा ज्या व्यवहारात वापरली जाते, त्या व्यवहारापुरतीच ती समर्थ होते, हे एक तत्त्व आहे. अभियांत्रिकी शिक्षणाच्या सुधारणेत या तत्त्वाची कसोटी लागते.

१. धोरणाची दिशा

‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ने उच्च शिक्षणात मातृभाषेचा वा स्थानिक भाषेचा माध्यम म्हणून अधिक वापर व्हावा, अशी भूमिका घेतली. पुढे २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्याची मुभा महाविद्यालयांना दिली. ही मुभा आहे, सक्ती नाही, हे ध्यानात घ्या.

२. पूर्वानुभव

हा प्रयोग देशात पहिला नव्हे. हैदराबाद संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण दिले. त्यात अभियांत्रिकीचाही समावेश होता. त्या काळी मराठवाडा याच संस्थानात होता. विद्यापीठासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारून पाठ्यपुस्तके व परिभाषा सिद्ध करण्यात आली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर मात्र तेथील माध्यम इंग्रजी झाले. ग्रंथ आणि संज्ञा असूनही राजाश्रय सरताच माध्यम टिकले नाही, हा यातील बोध होय.

३. परिभाषेचा प्रश्न

‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या संज्ञा पाहा. बोलताना आपण दोहोंना ‘ताण’ म्हणू. परंतु अभियंत्याला एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल आणि त्यामुळे आकारात होणारा सापेक्ष बदल यांत भेद करावाच लागतो. म्हणून ‘प्रतिबल’ व ‘विकृती’ या संज्ञा योजल्या जातात. ‘विकृती’ला व्यवहारात वेगळा अर्थ चिकटलेला आहे, तो वर्गातील नित्य वापरानेच मागे पडेल. दुसरीकडे ओळंबा, गुण्या, रंधा, कानस हे शब्द कारागिरांच्या हाती पूर्वीपासून आहेत. ते कोणी समितीत घडविले नाहीत, ते कामातून रुजले.

४. मूल्यमापन

बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी विषय आणि भाषा अशी दोन ओझी एकदम उचलावी लागतात. यांतील एक ओझे हलके करणे न्याय्यच आहे. तथापि यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत राहिल्या, तर तेच ओझे चार वर्षांनी पुन्हा त्याच्या खांद्यावर येते. म्हणून विवेचन मराठीत आणि संज्ञा दोन्ही भाषांत, असा द्वैभाषिक मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. त्यासाठी अध्यापक, ग्रंथ, परीक्षा आणि रोजगार या चारही कड्या एकत्र जुळवाव्या लागतील; एक निखळली तरी साखळी तुटते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराकडून त्याच्या व्यवसायातील दहा शब्द मिळवा. त्यांपैकी कोणते पाठ्यपुस्तकात संज्ञा म्हणून चालतील, ते सकारण लिहा.