जुन्या ट्रकचा दुसरा धूर : इंजिनाची श्वासनळी बदलण्याआधी

हैदराबादेतील आबिड्स हा बाजारपेठेचा गजबजलेला भाग. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेल्या आबिड यांचे येथे दुकान होते, त्यावरून या भागाला हे नाव पडले. आज जनरल पोस्ट ऑफिसच्या चौकात गर्दी नसते असा दिवस विरळा, आणि रविवारी तर येथील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अशा दाटीच्या वस्तीत माल उतरवण्यासाठी एखादा जुना ट्रक इंजिन सुरू ठेवून उभा असला, तर त्याचा धूर दोन ठिकाणांहून निघताना दिसतो. सायलेन्सरमधून निघणारा धूर सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा मात्र इंजिनाच्या पोटाखालून, एका लोंबत्या नळीतून फिकट पांढऱ्या वाफेसारखा बाहेर पडतो. त्याला जळक्या तेलाचा वास असतो. या दुसऱ्या धुराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हा धूर येतो कोठून?

पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी सिलिंडरमधील दाबाचा थोडा वायू त्यांना चुकवून खाली उतरतोच. क्रँकशाफ्ट ज्या पोकळीत फिरते त्या क्रँककेसमध्ये तो साठतो. मिस्त्री लोक याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत ज्वलनाची काजळी, पाण्याची वाफ आणि वंगणतेलाचे सूक्ष्म तुषार असतात. त्याला वाट दिली नाही, तर पोकळीतील दाब वाढून ऑइल सीलमधून तेल बाहेर येऊ लागते. म्हणून प्रत्येक इंजिनाला श्वासनळी, म्हणजे ‘ब्रीदर’ ठेवलेला असतो.

या वायूचे प्रमाण किती असते, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या टाटाच्या ६९७ या सहा सिलिंडरच्या इंजिनाची घनता सुमारे ५.७ लिटर आहे. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगाने चालताना टर्बो नसलेले असे इंजिन मिनिटाला साडेपाच हजार लिटरांच्या आसपास हवा ओढते. त्यातील शंभरावा हिस्सा जरी रिंगांतून निसटला, तरी मिनिटाला पन्नासहून अधिक लिटर तेलकट वायू ब्रीदरच्या नळीतून रस्त्यावर येतो. रिंगा आणि लायनर झिजले की हे प्रमाण वाढत जाते.

नियमांच्या नजरेतून सुटलेली नळी

निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात सेवा सुरू केली, तेव्हा जगभरच्या इंजिनांची रीत एकच होती : ब्रीदरचा वायू खाली रस्त्यावर सोडून द्यायचा. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये या रीतीला पहिला धक्का दिला. पेट्रोल मोटारींमध्ये हा वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळणारी झडप बसवण्याची सक्ती करण्याचा निर्णय तेथे झाला. वाहनप्रदूषण रोखण्यासाठी सक्तीचे झालेले ते पहिले साधन मानले जाते. डिझेल ट्रकच्या वाट्याला ही शिस्त फार उशिरा आली. टर्बो असलेल्या अवजड डिझेल इंजिनांच्या ब्रीदरचा वायू अमेरिकेत २००७ पासून उत्सर्जनाच्या हिशेबात धरला जाऊ लागला.

भारतातील उत्सर्जन मानकांच्या वाटचालीत गोमंतकाचे नाव आहे. माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर २००३ चे वाहन इंधन धोरण उभे राहिले. त्यानुसार एप्रिल २००५ पासून ज्या अकरा महानगरांत नव्या वाहनांना ‘भारत स्टेज ३’ लागू झाले, त्यांत हैदराबादचा समावेश होता. २०१७ मध्ये देशभर चौथा टप्पा आला आणि २०२० मध्ये थेट सहावा. परंतु ही मानके नव्या वाहनांसाठी असतात. जुन्या ट्रकची वेळोवेळी पीयूसी चाचणी होते, ती सायलेन्सरच्या तोंडाशी. ब्रीदरची नळी कितीही धुमसत असली, तरी त्या यंत्रावर तिची नोंद होत नाही. तिची काळजी घेणे मालकाच्याच हाती उरते.

सुधारणा करण्याआधी मोजमाप

बाजारात तेल वेगळे करणारे सेपरेटर, बंदिस्त ब्रीदर संच आणि नव्या नळ्या मिळतात. त्या बसवल्या की धूर थांबेल, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सेपरेटर तेलाचे तुषार अडवतो; झिजलेल्या रिंगा तो दुरुस्त करीत नाही. म्हणून पहिले काम इंजिनाची प्रकृती तपासण्याचे. गरम इंजिन मंद गतीवर असताना डिपस्टिकच्या नळीतून वायूचे झोत येत असतील, किंवा तेल भरण्याच्या तोंडावर सैल ठेवलेले झाकण उडत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन वाढल्याची ती खूण असते. अधिक विश्वसनीय पद्धत म्हणजे पाणी भरलेली इंग्रजी ‘यू’ आकाराची पारदर्शक नळी डिपस्टिकच्या जागी जोडून दाब पाहणे आणि तो निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडणे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. दोष रिंगांचा किंवा लायनरचा निघाला, तर आधी तेच काम करावे.

रिंगा ठीक असतील, तर नळीकडे वळावे. ती तेल सोसणाऱ्या रबराचीच हवी. पाण्याची साधी नळी तेलाने फुगते, आतून मऊ पडते आणि वायूची वाट कोंडते. व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. नळीला मध्येच झोळ पडू देऊ नये, कारण तेथे पाणी आणि तेल यांचा गाळ साचतो. धूर दिसू नये म्हणून नळीच्या तोंडाला चिंधी बांधणे म्हणजे इंजिनाचा गळा आवळण्यासारखेच आहे.

सेपरेटर निवडताना त्याची क्षमता आपल्या इंजिनाच्या वायूला पुरेशी आहे ना, हे पाहावे. त्यातील फिल्टर तुंबला तर दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडप असावी. साचलेले तेल चेंबरमध्ये परत नेणाऱ्या नळीवर एकदिशा झडप असावी. इंजिनतेल बदलण्याच्या प्रत्येक वेळी फिल्टर तपासावा आणि ठरल्या मुदतीत बदलावा.

बंद व्यवस्थेचा धोका

ब्रीदरचा वायू पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनात नेणे ही सर्वांत स्वच्छ रचना खरी, पण डिझेल इंजिनात ती जपून करावी लागते. पेट्रोल इंजिनासारखी ओढ तेथे आपोआप मिळत नाही. टर्बोच्या अलीकडच्या नळीत ओढ असते, पण हवेचा फिल्टर तुंबला की ती वाढते. ही ओढ मर्यादेत ठेवण्यासाठी पडदा असलेला नियामक लागतो; नाही तर सीलमधून धूळ आत खेचली जाते. याहून गंभीर गोष्ट अशी की झिजलेल्या इंजिनाचे पुष्कळ तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेले, तर इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू लागते. डिझेलचा पुरवठा तोडूनही ते थांबत नाही. हवाच तोडावी लागते. म्हणून जुने इंजिन दुरुस्त होईपर्यंत ब्रीदर खुला ठेवून सेपरेटर आणि तेल साठवणारे भांडे जोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

गोव्याच्या खाणपट्ट्यात हा विषय परका नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढे सुरू झालेले काम मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले, तेव्हा कितीतरी टिप्पर अंगणात उभे राहिले. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा चिकटतात, सील कडक होतात आणि ब्रीदरची जाळी गाळाने भरते. असे वाहन पुन्हा रस्त्यावर आणताना पैसा मोजकाच असतो. तो आधी जाळी, नळी आणि सील यांवर, मग गरज असल्यास रिंगांवर, आणि शेवटी सेपरेटरवर खर्च व्हावा. हा क्रम उलटला, तर नव्या संचाचे पैसे वाया जातात आणि आबिड्स असो वा डिचोली, रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या वाट्याला तोच धूर येत राहतो.