हिरवळ कारखान्याची, जोखीम माळ्याची

पावसाळा ओसरू लागला की बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांपाशी गवत कापण्याच्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. खांद्याला पट्टा अडकवून ते यंत्र चालविणारा माणूस पुष्कळदा विक्रमगड, जव्हार किंवा डहाणूकडील एखाद्या पाड्यावरून आलेला असतो. त्याच्या पायांत बूट असतीलच असे नाही; डोळ्यांवर संरक्षक चष्मा तर क्वचितच असतो. पाते गवतात दडलेल्या खडीवर आदळले की खडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. त्याखेरीज फांद्या छाटताना वीजवाहिनीचा स्पर्श होण्याची भीती, ओल्या गवतातील घोणस आणि उघड्या हातांनी केलेली कीटकनाशकांची फवारणी ही आहेच. बागकाम हा दिसतो तितका निरुपद्रवी व्यवसाय नव्हे.

अशा माणसाचा डोळा गेला, किंवा तो जिवानिशी गेला, तर भरपाई कोणी द्यावयाची? कायद्याचे उत्तर वरकरणी स्पष्ट आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक मोठे तत्त्व या देशात रुजविले : कामामुळे व काम करीत असताना अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, भरपाई हे मालकाचे देणेच होय. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. तत्त्व मात्र तेच राहिले. उलट, घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असल्यास, आता भरपाईस पात्र ठरतो.

हे देणे किती होते, हे पाहण्यासारखे आहे. दरमहा बारा हजार रुपये मिळविणारा चाळीस वर्षांचा माळी दगावला, तर त्याच्या निम्म्या वेतनास त्या वयासाठी ठरविलेल्या १८४.१७ या गुणकाने गुणावयाचे. ही रक्कम ११ लाख ५ हजार २० रुपये होते. एका डोळ्याची दृष्टी गेली, तर परिशिष्टाप्रमाणे मिळकतीच्या क्षमतेत ३० टक्के घट धरली जाते आणि भरपाई सुमारे ३ लाख ९८ हजारांच्या घरात जाते. कागदावर ही तरतूद पुरेशी नसली तरी तुटपुंजीही नाही.

खरी अडचण पुढेच आहे. हे देणे ज्याच्या माथी येते, तो कोण? कारखान्याने बागेचा ठेका दिलेला असतो. ठेकेदार म्हणजे बहुधा काल-परवापर्यंत स्वतःच माळीकाम करणारा, दोन यंत्रे, एक टेम्पो आणि सहा-आठ माणसे एवढेच भांडवल असलेला मनुष्य. अकरा लाखांचा निवाडा झाला, तर तो वसूल कशातून करावयाचा? टेम्पो विकला तरी चौथा हिस्सा निघावयाचा नाही. कंगाल ऋणकोवरील हक्क हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने हक्कच नव्हे. तो केवळ कागद होय.

मग मुख्य मालकाकडे, म्हणजे कारखान्याकडे, बोट दाखविले जाते. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकावर टाकण्याची तरतूद कायद्यात जरूर आहे. परंतु ते काम सामान्यतः त्या मालकाच्या धंद्याचा भाग असावे लागते. रसायने बनविणारा कारखानदार साहजिकच म्हणतो, 'बागकाम हा माझा धंदा नव्हे.' व्यावसायिक सुरक्षा संहितेने, ठेका पद्धतीच्या संदर्भात का होईना, त्याच्या हाती आणखी एक आधार दिला आहे. 'मुख्य काम' म्हणजे काय हे सांगताना जी कामे तिने वगळली, त्यांत बागकाम व हिरवळीची देखभाल यांचा नावानिशी उल्लेख आहे. शिवाय ठेका कामगारांविषयीची तिची कलमे पन्नास कामगारांपासून पुढे लागू होतात. सहा-आठ माळ्यांचा ठेकेदार त्यांच्या कक्षेत येतच नाही.

वस्तुतः तारापुरात हा युक्तिवाद फारच विसंगत वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वर, ९३.६९ इतका होता. पर्यावरण मंजुरी देताना भूखंडाच्या सुमारे एक तृतीयांश भागावर हिरवा पट्टा राखण्याची अट घालतात, ती काही शोभेसाठी नव्हे. झाडे लावल्यावाचून ज्या कारखान्याला मंजुरी मिळावयाची नाही, त्याची झाडे राखणारा माणूस मात्र त्याच्या धंद्याबाहेरचा, हे कसे? साठ वर्षांपूर्वी कानपूरच्या जे. के. कॉटन गिरणीच्या खटल्यात, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या बागा सांभाळणारे माळीही औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगारच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. ती दृष्टी आज नव्या संहितांच्या अंमलबजावणीत यावयास हवी.

कर्मचारी राज्य विमा योजना आहे ना, असे कोणी म्हणेल. ती निःसंशय अधिक चांगली. कामावरील अपघाताने अपंगत्व आल्यास तिच्यात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कारखान्याच्या आवारातील ठेकेदारी कामगाराची नोंदही तिच्यात होऊ शकते. परंतु हा माळी सोमवारी कारखान्यात, मंगळवारी पालघरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत, तर बुधवारी कोणाच्या शेतघरावर असतो. त्याची नोंद कोणी करावयाची, हे ठरेपर्यंत हंगाम संपतो. काही ठेकेदार वर्षाला वीस रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना कामगाराच्या नावे घेऊन निर्धास्त होतात. अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये देणारी ही योजना घ्यावीच. पण तो कामगाराचा स्वतःचा विमा होय. त्याने मालकाचे देणे फिटत नाही.

ते देणे फेडण्याची हमी देणारा विमा वेगळा. मालकाने कामगारांची संख्या, कामाचे स्वरूप व एकूण वेतन जाहीर करून हप्ता भरावयाचा आणि अपघात झाल्यास भरपाई विमा कंपनीने द्यावयाची, अशी ही सरळ व्यवस्था आहे. क्वचित घडणारे परंतु घडल्यास बुडविणारे नुकसान अनेकांत वाटून घेणे, हेच तर विम्याचे मर्म. दुर्दैवाने तो घेण्याची सक्ती कायद्यात नाही. रस्त्यावर मोटार आणावयाची तर तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९९१ सालच्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्यांवरही विम्याची सक्ती केली. मात्र त्या कायद्याने कामगारास वगळले, कारण त्याच्यासाठी १९२३चा कायदा होताच. परिणाम असा, की कारखान्याच्या भिंतीबाहेरून जाणाऱ्या वाटसरूमागे सक्तीचा विमा उभा आहे आणि भिंतीच्या आत गवत कापणाऱ्या माणसामागे केवळ ठेकेदाराची पत.

सक्ती नसल्याचा आणखी एक परिणाम होतो. ठेका सर्वांत कमी दराला जातो. जो ठेकेदार विम्याचा हप्ता आपल्या दरात धरतो, तो मागे पडतो; जो धरत नाही, त्याला काम मिळते. म्हणजे सचोटीलाच दंड बसतो. पुढे विमा घेतलाच, तर बारा माणसांऐवजी चौघांचीच नोंद होते, आणि अपघात नेमका पाचव्यास झाला की वाद उभा राहतो.

११ जानेवारी २०२० रोजी याच परिसरात कोलवडे येथील कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा शासनाने मदत जाहीर केली. मोठ्या दुर्घटनेत अशी मदत येते, वर्तमानपत्रांत मथळेही येतात. एकट्या माळ्याच्या डोळ्यासाठी मथळा येत नाही. तेथे ठेकेदार दवाखान्याचे बिल भरतो, हातावर काही हजार ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. असा हक्क सोडल्याचा करार कायद्याने निरर्थक आहे; मृत्यूची भरपाई तर सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. पण हे त्या पाड्यावर जाऊन सांगणार कोण?

कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट आजही करता येण्याजोगी आहे. कारखाने, औद्योगिक महामंडळ, नगरपरिषद आणि गृहनिर्माण संस्था यांनी बागकामाच्या ठेक्यात एकच अट घालावी : प्रत्यक्ष राबणाऱ्या सर्व माणसांचा विमा उतरविल्याचा कागद दाखविल्याखेरीज पहिले बिल मंजूर होणार नाही, हप्ता ठेक्याच्या दरात स्वतंत्रपणे धरला जाईल. उद्योजकांच्या संघटनेने लहान ठेकेदारांसाठी सामुदायिक विम्याची सोय केली, तर हप्त्याचा भारही हलका होईल. अट सर्वांना सारखी असली, म्हणजे स्पर्धेत कोणी मागे पडावयाचे कारण नाही.

पालघर आणि बोईसरच्या गृहनिर्माण संस्थांत राहणारे बहुसंख्य लोक शिक्षक, कारकून, कारखान्यांतील नोकरदार आहेत. स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब ते पैशापैशापर्यंत तपासतात. संस्थेच्या वार्षिक सभेत बागेच्या खर्चाची बाब पुढे येईल, तेव्हा 'माळ्याचा विमा आहे काय?' एवढा एक प्रश्न त्यांनी विचारावा. हिरवळ सर्वांनी उपभोगावयाची असेल, तर तिची जोखीम एकट्याच्या डोळ्यांवर ठेवता येणार नाही.