सूर्य रजेवर, घड्याळ कामावर

मैत्रिणींनो, आषाढात चार दिवस ऊन दिसलं नाही तर आपण किती कुरकुरतो! अंटार्क्टिकावरच्या ‘भारती’ या आपल्या संशोधन केंद्रावर मेअखेरीपासून सुमारे दीड महिना सूर्य उगवतच नाही. दुपारी क्षितिजाशी थोडा उजेड, बाकी काळोख. जहाज येणार ते तिथल्या उन्हाळ्यातच. घरी कुणाचं काही बरंवाईट झालं, तरी निघता येत नाही.

‘इस्रो’च्या मंगला मणी नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे गेल्या, वयाच्या ५६व्या वर्षी. २३ जणांच्या तुकडीत बाई त्या एकट्याच. मुक्काम ४०३ दिवसांचा! काम, उपग्रहांकडून येणारी माहिती उतरवून घेण्याचं. हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, दिवसातून अनेकदा माथ्यावरून जातात. त्यांना कुठली रात्र न्‌ कुठली सुट्टी?

उजेड नसला की झोपेचं तंत्र बिघडतं, भूक विसरते. म्हणून उठणं, जेवण, झोप सगळं घड्याळावर. २१ जूनला अंटार्क्टिकावरची केंद्रं एकमेकांना शुभेच्छा धाडतात, गोडधोड करतात. कारण तिथून सूर्य परतीला लागतो.

घरावर वाईट दिवस आले तरी आपण कुकर वेळेवर लावतोच ना? तसंच हे.