अमळनेरात कॉमिक्स शोधताना

अमळनेरात कॉमिक्सचं म्हणून वेगळं दुकान नाही. तरीही या गावात कॉमिक्स मिळतात. त्यात मोठ्या कंपन्यांची असतात तशी एखाद्या चित्रकारानं एकट्यानं किंवा चार मित्रांनी पदरमोड करून छापलेलीही असतात. ती कुणी समोर मांडून ठेवत नाही, शोधावी लागतात. मी हा शोध बरीच वर्षं करतो आहे आणि आता त्याची एक रीत हाताला बसली आहे. ती इथे लिहून ठेवतो, कारण आपल्या आसपासच्या गावांतही ती तशीच लागू पडेल.

पहिली जागा रद्दीचं दुकान. तिथे काय कधी येणार हे साधारण ठरलेलं असतं. परीक्षा संपल्या की वह्या आणि गाइडं येतात. जूनमध्ये जुनी पाठ्यपुस्तकं येतात. नवरात्राच्या आधी साफसफाई सुरू झाली की माळे रिकामे होतात, आणि माळ्यावरच्या पेट्यांत जे वर्षानुवर्षं पडून असतं ते सगळं काट्यावर येतं. जुनं घर पाडायला काढलं तर त्याहून चांगलं. म्हणून दिवाळीआधीचे दोन-तीन आठवडे मी चुकवत नाही. दुकानदाराशी ओळख झाली की फेऱ्या कमी होतात. माझा रद्दीवाला मला पाहिलं की हातातलं काम न सोडता सांगतो, ‘‘भाऊ, तुमना माल उना. बाजूले ठेयेल शे.’’

त्यानं बाजूला ठेवलेला माल बहुतेक रंगीत असतो. खरं शोधकाम त्यानंतरचं. रद्दीच्या दुकानात कागद जातीप्रमाणे वेगळा होतो. वर्तमानपत्रं एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, वह्यांचा पांढरा कागद तिसरीकडे, गुळगुळीत कागदाची मासिकं चौथीकडे. रंगीत मुखपृष्ठाची कॉमिक्स आपसूक मासिकांच्या गठ्ठ्यात जातात. स्वतंत्रपणे छापलेलं कॉमिक मात्र बहुधा काळ्या शाईत आणि साध्या कागदावर असतं, कारण चार रंगांची छपाई छोट्या माणसाला परवडत नाही. त्यामुळे ते प्रश्नसंच, स्मरणिका आणि संस्थांच्या अहवालांबरोबर जाऊन पडतं. तिथे कुणी कॉमिक्स शोधत नाही. मी सुरुवात तिथूनच करतो.

कॉमिक पातळ असतं, मधोमध दोन पिना मारलेलं. जाड पुस्तकासारखं त्याच्या पाठीवर नाव नसतं, म्हणून उभ्या गठ्ठ्याकडे नुसतं पाहून काही कळत नाही. गठ्ठा आडवा घ्यायचा आणि अंगठ्यानं एकेक कड सोडत जायचं. मोठ्या प्रकाशनांच्या कॉमिक्समध्ये चित्र कधी कधी कागदाच्या अगदी काठापर्यंत छापलेलं असतं, मग बंद गठ्ठ्याच्या कडेवरही रंगाच्या बारीक रेघा दिसतात. छोट्या छापखान्यातल्या कामाला बहुधा चारी बाजूंनी पांढरा समास असतो. त्याची कड कोरी दिसते. तेव्हा ते उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

गंजलेल्या पिनांची काळजी घ्यावी लागते. ओढून पान उघडलं तर कागद पिनेपाशी फाटतो आणि मधली चार पानं सुटतात. घरी आणल्यावर बोथट सुरीच्या टोकानं पिनेचे पाय सरळ करायचे, पीन काढायची आणि त्याच भोकांतून दोरा ओवायचा. पूर्वी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत हेच करत. चार-पाच कॉमिक्स एकावर एक ठेवून दाभणानं शिवायची आणि वरून कापडी पट्टी लावायची. असे शिवलेले ठोकळे आजही रद्दीत येतात. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो आणि समासात कुणाकुणाची नावं लिहिलेली असतात.

त्या ठोकळ्यांत असतो तो बहुतेक इंद्रजाल कॉमिक्सचा माल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. वेताळ आणि मँड्रेक मराठी वाचकांच्या घरी आले ते या मालिकेतून. १९७६ मध्ये तिच्यातच आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. अमर चित्रकथा १९६७ ची. तिचे संपादक अनंत पै, आणि तिच्या पहिल्या फळीतले चित्रकार राम वाईरकर. ही काही स्वतंत्र कॉमिक्स नव्हेत, मोठ्या संस्थांची आहेत. पण ती पाहिल्यावर एक गोष्ट पक्की होते. या गावात चित्रकथा वाचणारी माणसं होती आणि ती पैसे मोजून वाचत होती. पानांच्या खालच्या कोपऱ्यांवर बोटांचे काळे डाग आहेत, मधली पानं वापरून मऊ पडली आहेत. वाचकच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे कोपरे पाहावेत.

दुसरी जागा पुस्तक प्रदर्शन. १९५२ नंतर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा अमळनेरला आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्त्याण्णवावं. त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. अशा वेळी गावात जेवढी पुस्तकं एकदम येतात तेवढी एरवी वर्षभरात येत नाहीत. प्रदर्शनात ‘कॉमिक्स आहेत का?’ असं विचारलं की विक्रेता लहान मुलांच्या टेबलाकडे बोट दाखवतो. विक्रेते पुस्तकं विषयवार लावतात, म्हणून विषयावरून विचारावं. आंबेडकरांवर चित्रांचं काही आहे का? फुल्यांवर? धरणावर, शेतीवर, बाईच्या जगण्यावर? असं विचारलं की टेबलाखालच्या खोक्यातून काहीतरी वर येतं.

त्यातलं एक नाव प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. ‘भीमायन’ २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ या छोट्या प्रकाशनानं काढलं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रं. या पुस्तकात नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकोनी चौकटी नाहीत. गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. संवादांचे फुगे पाहावेत. ज्याचं बोलणं मायेचं, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात जातीचं विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कोण कसं बोलतंय ते पानावरून कळतं. त्याच वर्षी त्याच प्रकाशनानं जोतीरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ काढलं. त्याची चित्रं अपराजिता निनान यांची आहेत. विषय आपला, माणसं आपली, आणि पुस्तकं इंग्रजीत. हे मनाला लागतं. पण म्हणून ती शोधायची थांबवू नयेत.

आपल्या खानदेशाशी याहून जवळचं नातं असलेलं एक पुस्तक आहे. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण गटानं छापलं. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. कथेतली नदी रेवा, म्हणजे आपली नर्मदा. एक तरुण पत्रकार, शहरात घरकाम करणारी एक आदिवासी बाई, सृष्टी कशी झाली ते गाऊन सांगणारा एक गायक, आणि धरणाविरुद्ध उभं राहिलेलं आंदोलन. सगळं काळ्यापांढऱ्यात. ते छापून आलं तेव्हा अक्कलकुवा आणि धडगाव धुळे जिल्ह्यातच होते, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, तेही याच सातपुड्यातलं. म्हणजे देशातल्या स्वतंत्र कॉमिकची सुरुवात ज्या प्रश्नातून झाली तो प्रश्न आपल्या खानदेशाचा होता, आणि आपल्याकडे ते पुस्तक कित्येक वर्षं पाहायला मिळालं नाही. थोड्या प्रती छापल्या गेल्या, त्या संपल्या आणि पुस्तक दिसेनासं झालं. २०२२ मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनानं ते पुन्हा छापलं, तेव्हा मी ते गावातल्या पुस्तकविक्रेत्याकडून मागवलं.

ही तिसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शाळेची पुस्तकं, वह्या, कंपासपेट्या विकणारं आपलं नेहमीचं दुकान. घरबसल्या मोबाइलवरून पुस्तक मागवता येतं, मग दुकानदाराला का सांगायचं? कारण घरी आलेलं पुस्तक एकटा वाचक पाहतो, आणि दुकानात आलेलं पुस्तक दहा जण हाताळतात. माझी प्रत आली तेव्हा दुकानदारानं ती मला देण्याआधी स्वतः चाळली. वही घ्यायला आलेला एक कॉलेजचा मुलगा गल्ल्यापाशी उभ्यानं ती वाचत राहिला. त्यानं पहिल्यांदा विचारलं ते गोष्टीबद्दल नाही. चित्रं एकाच माणसानं काढलीत का, हे त्याला हवं होतं. हो म्हटल्यावर त्यानं पुन्हा पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली.

दुकानदाराची अडचणही समजून घ्यायला हवी. पाठ्यपुस्तकाचा खप ठरलेला असतो, स्वतंत्र कॉमिकचा नसतो. वितरक त्याच्यापर्यंत ते आणत नाही, कारण प्रतीच थोड्या असतात आणि त्यातला वितरकाचा वाटा गेला तर चित्रकाराच्या हाती काही उरत नाही. म्हणून हा व्यवहार थेट व्हावा लागतो. चित्रकारानं पाच प्रती परतीच्या बोलीवर पाठवायच्या, विकल्या गेलेल्यांचे पैसे दुकानदारानं कमिशन कापून पाठवायचे आणि उरलेल्या परत करायच्या. मधली अडचण टपालाची. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांचं कंबरडंच मोडलं. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचा गठ्ठा १०० रुपयांत जातो, कर वेगळा. बत्तीस पानी कॉमिकचं वजन ३०० ग्रॅमच्या बरंच खाली असतं. नियतकालिकांना मात्र ही सवलत नाही, म्हणून अंक-मालिका काढणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

हाती आलेलं कॉमिक स्वतंत्र आहे की नाही, हे मी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूवरून ठरवतो. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक एकच आहेत का? हक्क कुणाच्या नावावर आहेत? पत्ता कार्यालयाचा आहे की घराचा? पानांची संख्या चारच्या पटीत असते, कारण एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. गोष्ट अठ्ठावीस पानांत संपवायला शेवटी चौकटी दाटल्या असतील, तर तो कागदाचा हिशेब चित्रकारानं स्वतः केला आहे हे कळतं. अशा पानांत काम करणाऱ्या माणसाचा हात दिसतो, आणि मला ती पानं त्यामुळेच आवडतात.

या सगळ्याची आपल्या गावाला सवय नाही, असं मला वाटत नाही. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शाळेचं वसतिगृहही सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. छापखाना नाही, वितरक नाही. लिहायचं, मुलांपुढे ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं. स्वतंत्र प्रकाशनाला लागतं ते एवढंच: सांगण्यासारखं काही असलेला माणूस आणि ते ठेवायला एक जागा.

कॉमिकच्या बाबतीत हे आजही तितकंच सोपं आहे. दिल्लीचे शरद शर्मा आणि त्यांची ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ ही संस्था गावोगावच्या साध्या माणसांना भित्तिकॉमिक करायला शिकवत आली आहे. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, आपल्या गावचा एक प्रश्न गोष्ट करून त्यांत मांडायचा, झेरॉक्स काढायच्या आणि पारावर, शाळेत, बसस्टँडवर चिकटवायच्या. बोरी नदी, बंद पडलेली प्रताप मिल, कापसाचा भाव, अहिराणीतली आजीची गोष्ट. विषय आपल्याकडे भरपूर आहेत. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला आपली भाषा फुग्यात लिहिलेली दिसली, तर तो ते कॉमिक वर्गात दहा जणांना दाखवेल.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं असं. रद्दीच्या दुकानात पांढऱ्या कागदाचा गठ्ठा चाळा. प्रदर्शनात विषय सांगून विचारा. मिळालेलं कॉमिक वाचून झालं की वाचनालयाला द्या, परत रद्दीत जाऊ देऊ नका. आणि सगळ्यात आधी आपल्या दुकानदाराला पुस्तकाचं नाव कागदावर लिहून द्या, थोडी आगाऊ रक्कम ठेवा आणि पुस्तक आलं की ते खरोखर घ्या. एका गिऱ्हाइकानं मागितलं तर तो एक प्रत आणतो, चौघांनी मागितलं तर तो फळीवर जागा करतो. गावाला कॉमिक्सचं दुकान मिळतं ते अशाच एका फळीपासून.