आलेली मदत, राहिलेली मदत

धाराशिव तालुक्यातलं बेंबळी हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं बाजाराचं आणि पोलीस ठाण्याचं गाव. उत्तरेला गोरोबाकाकांचं तेर, नैर्ऋत्येला तुळजापूर, दक्षिणेला अणदूर आणि पूर्वेला सास्तूर-किल्लारीचा पट्टा. या टापूत जुन्या माणसांना काळ मोजायला दोन खुणा पुरतात. एक बहात्तरचा दुष्काळ, दुसरी भूकंप. कुणाचं लग्न भूकंपाच्या आदल्या साली झालेलं असतं, कुणाचा धाकटा भूकंपानंतरचा असतो. माणसं एकमेकांच्या उपयोगी कशी पडली याचा मागोवाही इथं याच खुणांवरून घ्यावा लागतो.

भूकंपाच्या आधीही माणसं एकमेकांना धरून होतीच. बैल नसलेल्याच्या किंवा घरात कर्ता माणूस नसलेल्या बाईच्या रानात चार घरची औतं एकाच दिवशी जायची, दिवसभरात पाळी घालून मोकळी व्हायची आणि संध्याकाळी तिच्या दारात जेवून घरी परतायची. याला इर्जिक म्हणत. पैसा कुणी मागत नसे, पण जेवण चुकवून चालत नसे. यात सगळं गोड होतं असं मात्र नाही. कुणाच्या रानात औतं जायची आणि कुणाच्या नाही, हे बऱ्याचदा जातीवर ठरे, आणि ज्याला रानच नाही त्याच्यासाठी इर्जिक नव्हतीच. १९७२च्या दुष्काळानं हीच उणीव उघडी पाडली. रान असलेला आणि नसलेला, दोघंही खडी फोडायला एकाच रांगेत बसले आणि सुकडीवर दिवस काढू लागले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढं १९७७च्या कायद्याचा आधार मिळाला. भुकेल्याला काम देणं ही कुणाची मेहरबानी न राहता सरकारची जबाबदारी ठरली. उपकार आणि हक्क यांच्यातली ही ओढाताण पुढं या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा दिसते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर घातलेलं माळवद, अशी इथली घरं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तीच अंगावर आली. शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. एकेकाळी सगळा मुलूख उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचाच होता, लातूर वेगळा झाला तो १९८२मध्ये. त्यामुळं किल्लारी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी सोयरीक सगळी एकातएक होती. सास्तूरच्या ढिगाऱ्याखाली कुणाची लेक होती, किल्लारीत कुणाचा मामा.

पहिल्या दिवसांत जे घडलं त्याची यादी कुठल्याही दप्तरात सापडत नाही. न पडलेल्या गावांमध्ये चुली पेटल्या त्या विझल्याच नाहीत. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठलं असं बांधून ट्रॅक्टर, जीप, मिळेल त्या वाहनानं पूर्वेकडं जाऊ लागलं. पाऊस, चिखल, त्यात बघ्यांची गर्दी. जवान, स्वयंसेवक, कॉलेजची पोरं यांनी ढिगारे उपसले आणि अनोळखी प्रेतांना अग्नी दिला. यातल्या बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग शहरांतून ट्रक आले आणि त्यांच्याबरोबर जुन्या कपड्यांचे ढीग. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईनं शहरातली पँट घेऊन करायचं काय? समोरच्याला काय हवं हे न विचारता दिलेली मदत बऱ्याचदा देणाऱ्याचं कपाट रिकामं करण्यापुरतीच उपयोगी पडते. घरांचंही थोडंफार तसंच झालं. बावन्न गावं नव्या जागी उठवली गेली. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली होती, पुनर्वसनानं ती पुन्हा लहान-मोठी करून दिली. बऱ्याच नव्या गावांत सरळ रेषेतले रुंद रस्ते आले, आणि गल्ली, पार, ओटा, शेजारच्या घराला लागून असलेली भिंत हे सगळं गेलं.

औसा तालुक्यातल्या बानेगावचा अपवाद मुद्दाम सांगायला हवा. हे गाव उभारायला पैसा आला केरळातून, ‘मलयाला मनोरमा’ या दैनिकाकडून. आराखडा केला लॉरी बेकर यांनी. जन्मानं इंग्रज, मनानं भारतीय आणि स्वस्तातली, हवेशीर घरं बांधण्यात हातखंडा असलेला हा वास्तुकार. त्यांनी घरं एका ओळीत उभी न करता अंगणाभोवती गटागटानं मांडली, म्हणजे जुना शेजार नव्या जागीही शेजारच राहावा. एक शब्दही मराठी न वाचणाऱ्या मल्याळी माणसांचा पैसा मराठवाड्यातल्या एका गावाच्या कामी यावा, ही गोष्ट आपल्याकडं जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही.

भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी वेगळी वाट धरली. आई-बाप गमावलेली, शाळा मोडून पडलेली सुमारे १२०० मुलं त्यांनी पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढं वाघोलीत त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. ब्लँकेट वाटायला एक दुपार पुरते. पोराला दहावी-बारावीपर्यंत सांभाळायचं म्हणजे त्याची दुखणी-खुपणी, रुसवे, परीक्षा आणि घरच्या आठवणीनं रडण्याच्या रात्री हे सगळं अंगावर घेणं आलं.

अशी थांबलेली आणखी काही माणसं याच टापूत आहेत. लोहारा तालुक्यातल्या हराळीत ज्ञान प्रबोधिनीनं निवासी शाळा काढली आणि डॉ. स्वर्णलता भिशीकर तिथं राहायला आल्या. शाळेच्या जोडीनं शेतीचं शिक्षण आलं, माळावर झाडं आली. सास्तूरला ‘स्पर्श’ हे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं. भूकंपाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून नाहीशा झाल्यावरही आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिथं बाळंतपणाला जात राहिल्या.

सगळ्यात शांतपणे चाललेलं काम मात्र अणदूरचं. तुळजापूर तालुक्यातल्या या गावात डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ उभं केलं, ते भूकंपाच्याच सुमारास. डॉक्टर खेड्यात यायला तयार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी खेड्यातल्याच बाईला शिकवायचं ठरवलं. जेमतेम शिकलेल्या, काही तर सही करण्यापुरत्या साक्षर असलेल्या बायका ‘भारतवैद्य’ म्हणून तयार झाल्या. ताप मोजणं, जखम धुणं, गरोदर बाईच्या पापणीच्या आतला रंग बघून अंगात रक्त आहे का ते ओळखणं, आणि कुठल्या रोग्याला एक मिनिटही घरी न ठेवता दवाखान्यात पाठवायचं हे ठरवणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. हगवणीनं कोमेजलेल्या पोरासाठी आई सलाईन मागते, आणि गावातली ही बाई तिला म्हणते, आधी जलसंजीवनी पाजू. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं, चमच्या-चमच्यानं, पोरानं उलटी केली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा. घरात असलेल्याच वस्तू. फक्त त्या पोराशेजारी तासन्‌तास बसायला कुणीतरी लागतं, आणि रात्री-अपरात्री दार वाजवलं तर उघडणारं घर लागतं. २००५मध्ये ‘आशा’ या आरोग्य स्वयंसेविकांची योजना आली, त्याच्या कितीतरी आधी अणदूरच्या परिसरात ही दारं उघडत होती.

भूकंपानं आणखी एक गोष्ट केली. तोवर ग्रामसभेत मागं, पदर ओढून बसणाऱ्या बायका पुढं आल्या. बावन्न गावं हलली, पण भेगाळलेल्या घरांची गावं हजाराहून अधिक होती. त्यांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात लोकांचा सहभाग असावा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ला सरकारनं सोबत घेतलं आणि गावोगावी महिला ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. हप्ता मिळाला का, गवंडी सिमेंटचा पट्टा नीट घालतो का, भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड बसवले की नुसतंच गिलाव्यानं झाकलं, हे विचारायला या बायका दारोदार फिरल्या. घरधन्याला त्यांनी प्रश्न विचारलेला सुरुवातीला कुणालाच रुचला नसणार. पण पुन्हा जमीन हलली तर पोरं भिंतीखाली सापडू नयेत, या एका वाक्यापुढं गवंड्यालाही उत्तर नव्हतं.

२६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं. लातूर-उस्मानाबादकडच्या या बायका भुजच्या बाजूला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण तंबूत बसलेल्या बाईला त्या जे सांगू शकत होत्या ते कुठल्याच अधिकाऱ्याला सांगता आलं नसतं. आमचं असंच झालं होतं, घराचा नकाशा तुम्हीच मागून घ्या, पैसे कुणाच्या नावावर येतात तेवढं बघा. आठ वर्षांपूर्वी ज्यांना ब्लँकेट दिली होती, त्याच आता सल्ला द्यायला निघाल्या होत्या. हे वळण या सगळ्या मागोव्यातलं मोलाचं. मदत घेणारा जन्मभर घेणाराच राहतो असं मानणाऱ्यांना मराठवाड्यानं दिलेलं हे उत्तर आहे.

नंतरची वर्षं पाण्याची, म्हणजे पाणी नसल्याची. २०१२-१३ आणि पुन्हा २०१५-१६. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली आणि त्याची बातमी देशभर झाली. खेड्यात बातमी होत नाही अशा पद्धतीनं तेच चाललं होतं. बोअरला पाणी टिकून असलेला शेतकरी आपलं पीक वाळू देऊन पाइप वस्तीकडं वळवत होता. सरकारी अधिग्रहणात त्याचा मोबदला ठरलेला असतो, पण कागद व्हायच्या आधीच घागरी भरलेल्या असत. याच सुमारास, २०१५मध्ये, नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम’ ही संस्था सुरू केली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश पोचले. रक्कम कर्ज फेडण्याजोगी नव्हती, पण कर्त्या पुरुषामागं उरलेल्या बाईकडं कुणीतरी येऊन बसलं, तिच्याशी बोललं.

आणि अशाच बायकांतून पुढचं काम उभं राहिलं. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे तरुणपणीच विधवा झाल्या, बचत गटाच्या निमित्तानं उंबरा ओलांडला आणि मग एक एकराची शेती गावोगावी नेली. घरच्या जमिनीतला एक एकर, नाहीतर अर्धा, बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात ऊस-सोयाबीनऐवजी खायचं पिकवायचं: ज्वारी, डाळी, भाजीपाला. पावसानं दगा दिला तरी चूल चालते. २०१६मध्ये ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’च्या या कामाला संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. धाराशिव तालुक्यातल्याच हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बांगड्या विकण्यापासून सुरुवात करून कोंबडीपालनापर्यंत पोचल्या आणि शेकडो बायकांना धंद्याला लावून नारीशक्ती पुरस्कारापर्यंत गेल्या. याला दयाभाव म्हणायचं की व्यवहार? बहुधा दोन्ही. शेजारणीला अंड्यांचा हिशेब शिकवणं हे तिला पाच अंडी देण्यापेक्षा जास्त वेळखाऊ आणि कमी मिरवण्याजोगं काम आहे.

मिरवण्याची जागा वेगळी, आणि तीही या मुलखाला प्रिय. आश्विनात तुळजापूरच्या वाटा फुलतात. सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी, लातूर-औसा, सगळीकडून अनवाणी माणसं कोजागरीला भवानीकडं निघतात. नवरात्रात पोरं ज्योत घेऊन पळत आपापल्या गावी जातात. रस्त्यावर जागोजागी मांडव पडतात. चहा, केळी, उसळ, साबुदाण्याची खिचडी, पायाला चोळायला तेल-मलम, फोडांवर पट्टी. कन्नड बोलणाऱ्या आजीचे पाय मराठी बोलणारं पोरगं चेपून देतं, आणि दोघांनाही दुभाष्या लागत नाही. मांडवावर नेत्यांचे फलक लागतात हे खरं. पण रात्री दोनला पातेलं घासणारा फलकावर नसतो.

कोरोनात हे मांडव बंद होते. तेव्हा चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं इथेनॉलच्या प्रकल्पात ऑक्सिजन तयार केला. २०२५च्या सप्टेंबरात तर परंडा-भूमकडं पाण्यानंच घरं वेढली आणि टँकरच्या मुलखात बोटी आणाव्या लागल्या. कोरोनात बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा दारात पोचली ती ‘आशा’च. ऑक्सिमीटर हातात, तोंडाला ओढणी, घरोघरी ताप विचारत. कुठं कुत्री अंगावर आली, कुठं माणसं.

तिला मोबदला कामावर मिळतो, पगार म्हणून नव्हे. सत्कारात मात्र ‘सेवाभाव’ हा शब्द ठरलेला. २०२३च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. आश्वासन मिळालं, आदेश निघेना, म्हणून २०२४च्या सुरुवातीला त्या पुन्हा संपावर गेल्या आणि मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हात बसल्या. मार्चमध्ये मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर झाली. सरकारी कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, ही त्यांची मूळ मागणी तेव्हाही बाकीच राहिली.